झीरो नोडरी

पेट्रोल पंपावर मोटारसायकल उभी केली की पंपावरचा मुलगा विचारतो, "एष्टु हाकली?" आणि नळी टाकीत घालण्यापूर्वी बजावतो, "झीरो नोडरी." किती घालू, आणि शून्य पाहा! आपल्या बेळगावात ही दोन वाक्ये मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी कोणत्याही घरातल्या माणसाला भाषांतराशिवाय कळतात. मीही गेली दोन वर्षे इमानेइतबारे शून्य पाहत आलो आहे. आकडे शून्यापासून धावू लागतात, दोनशे रुपयांवर थांबतात, मी टाकीचे झाकण लावतो आणि कॉलेजच्या वाटेला लागतो. माप चोख, पैसे चोख. पण त्या मापातून टाकीत पडले ते नेमके काय, हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यापर्यंत कधी पडला नव्हता.

खरे म्हणजे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न आधीच पडायला हवा होता. विक्रीच्या व्यवहारात वस्तू, परिमाण आणि किंमत या तीन गोष्टी स्पष्ट हव्यात, हे आम्ही पहिल्याच वर्षी घोकलेले असते. पंपावर परिमाण दिसते, किंमत दिसते. वस्तू मात्र 'पेट्रोल' या एका शब्दात उरकली जाते. त्या शब्दाच्या पोटात आज काय काय आहे आणि त्याची निवड करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

माझी मोटारसायकल माझी नव्हे. ती आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 2011 साली घेतलेली, 100 सी. सी. ची, जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरची. आमचे गाव खानापूर रस्त्याला, बेळगावपासून 22 किलोमीटरवर. त्या भागातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात मी पाच आठवडे बसने ये-जा केली आणि गाडी पडवीत उभी राहिली. ऊन पडल्यावर किक मारायला गेलो तर गाडी ढिम्म. ढकलत ढकलत गॅरेजवर नेली. मेस्त्रींनी टाकीतले पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढले आणि उजेडात धरले. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली दोन बोटे गढूळ पाणी.

"पाणी धरलंय बघा," मेस्त्री म्हणाले. "ह्या नव्या पेट्रोलचं असंच हाय. गाडी हुबी ऱ्हायली की संपलं."

कार्ब्युरेटर साफ करणे, पेट्रोलची रबरी नळी, कॉकचे वॉशर, मजुरी असे मिळून साडेआठशे रुपये झाले. मी मनातल्या मनात इथेनॉलला लाखोली वाहत घरी आलो. दुसऱ्या दिवशी टाकीचे झाकण उघडून पाहिले, तर त्यातले रबर चिरलेले! म्हणजे पाणी मुळात वरून गळाले होते आणि तो दोष आमच्या हयगयीचा होता. मात्र साधे पेट्रोल असते तर पाणी तळाशी वेगळे बसले असते आणि कॉकमधून काढून टाकता आले असते. इथेनॉल पाण्याशी सलगी करते. थोडे पाणी असले तर ते विरघळून जळूनही जाते. प्रमाण वाढले की मात्र इथेनॉल पेट्रोलचा हात सोडते, पाण्याबरोबर खाली बसते आणि तळातून नेमके तेच मिश्रण इंजिनाकडे जाते. तेव्हा साडेआठशेतला निम्मा दोष झाकणाचा व निम्मा मिश्रणाचा, असा निवाडा मी स्वतःपुरता केला.

पण त्यामुळे कुतूहल जागे झाले. विज्ञान शाखेच्या रसायनशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी प्रयोगशाळेत नव्हे, तर बाहेर मोकळ्या ओसरीवर, आसपास विस्तव नाही याची खात्री करून, एक प्रयोग करून दाखविला. 100 मिलिलिटरच्या मापाच्या नळीत 20 मिलिलिटर पाणी, त्यावर पंपावरचे ताजे 80 मिलिलिटर पेट्रोल. बूच लावून हलविले आणि दहा मिनिटे स्थिर ठेवले. खालचा थर 20 वरून 35 च्या वर चढलेला! "तुझ्या पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरले," सर म्हणाले. 80 मध्ये सुमारे 16, म्हणजे शेकडा 20. घरगुती प्रयोगात एखाददुसरा मिलिलिटर इकडेतिकडे होणार हे खरे, पण जी गोष्ट मला दोन वर्षांत कोणत्याही पावतीने सांगितली नव्हती ती त्या नळीने दहा मिनिटांत सांगितली.

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. उसाची मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांपासून तो होतो. पेट्रोलमध्ये तो मिसळावा ही कल्पना आजची नव्हे. मोटारींसाठी मद्यार्क वापरण्याविषयीचा कायदा आपल्या देशात 1948 सालीच झाला होता. अलीकडचा इतिहास 2001 च्या प्रायोगिक प्रकल्पांपासून सुरू होतो. 2003 साली काही राज्यांत 5 टक्के मिश्रणाचा कार्यक्रम निघाला. पुढे दहा वर्षे तो रखडतच चालला. 2013-14 मध्ये देशातले मिश्रण अवघे दीड टक्का होते. 2018 च्या जैवइंधन धोरणाने 20 टक्क्यांचे उद्दिष्ट 2030 साठी ठरविले आणि नंतर ते 2025-26 वर अलीकडे ओढले गेले. जून 2022 मध्ये 10 टक्के गाठले गेले, फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्क्यांच्या पेट्रोलची, म्हणजे ई-20 ची, विक्री सुरू झाली आणि 2025 मध्ये तेच देशभरचे सर्वसाधारण पेट्रोल होऊन बसले. दीड टक्क्यापासून वीस टक्क्यांपर्यंतचा हा प्रवास बारा वर्षांत झाला. एवढ्या थोड्या अवधीत एवढे मोठे काम झाले याचे कौतुक करावे लागेल. पण त्याच अवधीत माझी गाडी काही बदलली नाही. ती 2011 चीच राहिली.

आता इथेनॉलची बाजू प्रामाणिकपणे मांडू या. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणून इंजिनात अवेळी स्फोट होऊन ठकठक होण्याचा धोका कमी. त्यात स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे जळण अधिक पुरे होते. नीती आयोगाने जून 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ई-20 मुळे दुचाकींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यापर्यंत कमी होतो. शिवाय देशाचे परकीय चलन वाचते. 2014-15 पासून जुलै 2025 पर्यंत 1 लाख 44 हजार कोटी रुपयांहून अधिक वाचले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले आहे. या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. म्हणजे गाडी तेवढ्याच लिटरमध्ये थोडी कमी धावणार. त्याच अहवालात हे आकडे आहेत: शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींत ई-20 मुळे 3 ते 4 टक्के घट, तशाच चारचाकींत 6 ते 7 टक्के. नव्या इंजेक्शनवाल्या गाडीत धुराड्याजवळचा संवेदक मिश्रणाचे प्रमाण जमवून घेतो. माझ्या कार्ब्युरेटरला असली अक्कल नाही. त्याची छिद्रे ठरलेली. मिश्रण पातळ झाले तरी तो आपला जुन्या सवयीने तेवढेच सोडतो. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे रबर व धातू ई-20 साठी योग्य ठेवलेले आहेत. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केटे 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावी लागतील, असे मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केले. खर्च किरकोळ आहे, असे मात्र पुढे जोडले.

किरकोळ म्हणजे किती? येथे मला आण्णांची वही उपयोगी पडली. आण्णांना जमाखर्च लिहिण्याची सवय. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी किती लिटर घातले आणि काटा किती किलोमीटरवर होता, हे त्यांनी टिपून ठेवले आहे. 2012 च्या पानांवर लिटरला 62-63 किलोमीटर पडतात. माझ्या हातच्या पानांवर 56-57. मी ती वही घेऊन आमच्या लेखाशास्त्राच्या सरांकडे गेलो आणि विजयी मुद्रेने म्हणालो, "सर, दहा टक्के घट!" सरांनी वही चाळली आणि विचारले, "यात गाडीचा घसारा कुठे धरलास? साखळी, टायर, पिस्टन तेरा वर्षे नवेच राहिले काय? आणि चालवणारा तोच आहे काय?" मी गप्प बसलो. आण्णा चाळीसच्या पुढे कधी जात नसत आणि मी कसा जातो हे सरांनी बहुधा कॉलेजच्या फाटकात पाहिले असावे. सगळी घट इथेनॉलच्या नावे टाकणे ही खोटी नोंद झाली असती.

तेव्हा मी अहवालातलाच साडेतीन टक्क्यांचा आकडा घेतला आणि हिशेब मांडला. रोजचे येणेजाणे 44 किलोमीटर. वर्षाचे 240 दिवस धरले तर 10,560 किलोमीटर. लिटरला 60 किलोमीटर पडले तर पेट्रोल लागते 176 लिटर. साडेतीन टक्के घटीने लागते सुमारे 182 लिटर. पेट्रोल शंभराच्या वर आहे, पण हिशेबाला शंभर धरू. सहा लिटरचे सहाशे रुपये. वर्षाला सहाशे, अधिक अधूनमधून रबरी नळ्या. हा झाला मला ई-20 चा खर्च.

मग इथेनॉलमुक्त पेट्रोल का घालू नये? तर त्याचाही हिशेब पाहा. आज असे पेट्रोल म्हणजे मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळणारे 100 ऑक्टेनचे महागडे इंधन. ते लिटरला 160 रुपये धरले तर माझे 176 लिटर पडतील 28,160 रुपयांना. ई-20 चे 182 लिटर पडतात 18,200 रुपयांना. म्हणजे सहाशे रुपये वाचविण्यासाठी मी जवळजवळ दहा हजार रुपये जास्त घालवायचे! याला आपल्याकडे चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला म्हणतात. शिवाय महाग म्हणजे इथेनॉलमुक्त, असेही नाही. साध्यापेक्षा काही रुपये जास्त घेणाऱ्या पेट्रोलमध्येही मिश्रण असतेच. ज्याची जुनी गाडी सहा-सहा महिने झाकून ठेवलेली असते त्याने ठेवण्यापूर्वी एक टाकी असे पेट्रोल भरले तर ते समजण्यासारखे आहे. किंवा सरळ टाकी रिकामी करून ठेवावी. रोज कॉलेजला येणाऱ्या मुलाला मात्र ही निवड केवळ कागदावर आहे.

एवढे लिहून मी लेख संपविणार होतो. शीर्षकही ठरविले होते, 'ग्राहकाची फसवणूक'. पण दिवाळीच्या सुटीत थोरल्या काकांनी तो वाचायला मागितला. आमची शेती काकांकडे, तीन एकर ऊस. काकांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "तुझ्या कॉलेजची फी कुठनं भरली?"

"ऊसबिलातनं, काका."

"मग तुझ्या गाडीला आपल्याच उसाचा चार घोट पाजला तर तुझं काय बिघडलं? मागं बिल दोन-दोन हंगाम लटकायचं. तुझ्या आक्काचं लगीन त्यापायी एक वरीस लांबलं, तुला आठवतंय का?"

मला आठवत होते. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा 1966 चा नियम आहे; आमच्या घरी तो केवळ ऐकिवात होता. साखरेला उठाव नसला की कारखान्याकडे पैसा नसतो आणि कारखान्याकडे नसला की आमच्याकडे नसतो. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, म्हणून आता बिल बऱ्यापैकी वेळेवर येते. मी विचारले, "काका, पण इथेनॉलमुळं उसाचा दर वाढला काय?"

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दर न्हाई रे वाढला म्हणावा तेवढा. बिल येळंला येतंय, एवढंच."

त्या एका वाक्याने माझा लेख मला पुन्हा लिहावा लागला. कारण सहाशे रुपये माझ्या खिशातून जातात हे खरे, पण ते काकांच्या खिशात पोचतात असे काका तरी म्हणत नाहीत. 2022-23 मध्ये उसाची केंद्राने ठरविलेली रास्त व किफायतशीर किंमत क्विंटलला 305 रुपये होती, ती 2024-25 मध्ये 340 झाली. पण उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलची खरेदी किंमत 2022-23 मध्ये लिटरला 65 रुपये 61 पैसे होती आणि 2024-25 मध्येही तीच राहिली. म्हणून कारखाना म्हणतो, आम्हाला परवडत नाही. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय उरते? नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लापूरला ऊस उत्पादक रस्त्यावर बसले, ते टनाला 3500 रुपये मागत. तोडगा 3300 वर निघाला. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र हावेरीकडचा, मक्याच्या घरातला. आज इथेनॉलचा मोठा हिस्सा मक्यापासून होतो आणि मक्याच्या इथेनॉलला सर्वांत चांगला दर आहे, लिटरला 71 रुपये 86 पैसे. तरी मक्याला आधारभूत भाव मिळेना म्हणून त्याच्या गावचे लोकही त्याच महिन्यात आंदोलनात होते. मराठीत ऊस आणि कन्नडमध्ये कब्बू. रडगाणे दोन्ही भाषांत एकच.

आणि एक खर्च असा, जो कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला, ऊस पिकविण्यापासून धरले तर, सुमारे 2860 लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच अहवाल सांगतो. खानापूरच्या पावसात वाढलेल्या मला हा आकडा फार वाटला नाही. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागातून येणाऱ्या वर्गमित्राला तो सांगितला तेव्हा तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

दुहेरी नोंद पद्धतीत एक गोष्ट पक्की असते. एकाच्या नावे रक्कम पडली की दुसऱ्याच्या खाती ती जमा झालीच पाहिजे. इथेनॉलच्या व्यवहारात देशाच्या खाती परकीय चलन जमा होते, हवेच्या खाती थोडी स्वच्छता जमा होते, काकांच्या खाती वेळेवर बिल जमा होते. चांगली गोष्ट आहे. पण नावे कोणाच्या पडते? माझ्यासारख्या जुनी दुचाकी चालविणाऱ्या लाखो लोकांच्या. सकाळी दूध घालणारा, कुरिअरवाला, गवंडी, शिक्षक, विद्यार्थी. आणि ही नोंद कोठेही लिहिली जात नाही. सहाशे रुपये मोठी रक्कम नव्हे. देशासाठी, काकांसाठी मी ती आनंदाने देईन. माझी तक्रार एवढीच, की ती मला न विचारता, न सांगता घेतली जाते. वर्गणी मागून घेतात. न सांगता घेतात त्याला वर्गणी म्हणत नाहीत.

नीती आयोगाच्या त्या अहवालातच दोन शिफारशी होत्या. मिश्रित पेट्रोलची उष्णता कमी म्हणून त्याचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा. आणि जुन्या गाड्यांसाठी 10 टक्क्यांचे पेट्रोल संरक्षक इंधन म्हणून चालू ठेवावे. 20 टक्क्यांचे उद्दिष्ट तेवढे अलीकडे आले, शिफारशी मात्र मागेच राहिल्या. सरकारचे उत्तर असे, की आता इथेनॉलच महाग झाले आहे. 2024-25 मध्ये ते वाहतूक व करांसह सरासरी 71 रुपये 32 पैशांना पडले, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त. हे उत्तर खोटे नाही. पण मग पंपावरच्या दरात केंद्राचा अबकारी कर आहे, आपल्या कर्नाटक राज्याचा जून 2024 पासूनचा 29.84 टक्के विक्रीकर आहे. साडेतीन टक्के घटीची भरपाई म्हणजे लिटरमागे साडेतीन रुपये. दोन सरकारांनी मिळून मनावर घेतले तर एवढी सूट निदान विचार करण्यासारखी नाही काय? इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, ती 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली गेली. त्यामुळे हा प्रश्न आता लोकांनी सरकारपुढे मांडण्याचा उरला आहे.

कोणी म्हणेल, ब्राझील पाहा. अवश्य पाहू. तेथे 1975 पासून हा कार्यक्रम आहे आणि ऑगस्ट 2025 पासून पेट्रोलमध्ये 30 टक्के इथेनॉल आहे, आपल्यापेक्षा जास्त. पण तेथील पंपावर मिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल असे दोन वेगळे नळ असतात आणि दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या 2003 पासून मिळतात. तेथील माणूस पाट्यांवरचे दोन दर पाहतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाही तर पेट्रोल, असा तोंडी हिशेब करून तो नळ निवडतो. म्हणजे ज्या देशाचे उदाहरण आपल्याला दिले जाते, तेथे ग्राहकाला हिशेब करता येईल एवढी माहिती दिली जाते. आपण ब्राझीलचे इथेनॉल घेतले, पाटी घ्यायची राहून गेली.

म्हणून माझे म्हणणे असे. शंभर टक्के शुद्ध पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळावे असा हट्ट मी धरणार नाही. तो परवडणाऱ्यांचा हट्ट होईल आणि काकांचे बिल पुन्हा लटकेल. पण प्रत्येक यंत्रावर आणि प्रत्येक पावतीवर इथेनॉलचे शेकडा प्रमाण ठळक छापलेले असावे, कन्नडमध्ये, मराठीत आणि इंग्रजीत. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर तालुक्याच्या ठिकाणी निदान एका पंपावर 10 टक्क्यांचा नळ असावा. आणि उष्णता कमी तर दर कमी, हे साधे तत्त्व पाळावे. आम्हा गाडीवाल्यांनीही आपले काम करावे. टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे, पावसाळ्यात गाडी उभी करायची तर टाकी रिकामी ठेवावी, जुन्या रबरी नळ्या वेळेवर बदलाव्यात आणि प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडू नये. माझ्या साडेआठशेतले निम्मे माझेच होते, हे मी वर कबूल केलेच आहे.

लेख पुन्हा लिहून झाल्यावर काकांना वाचून दाखविला. ते म्हणाले, "पाटी लावा म्हणतोस, ते बराबर हाय. आमच्या उसाचं नाव तरी दिसंल लोकास्नी." या दृष्टीने मी विचारच केला नव्हता. पाटी लावली तर माझा अधिकार राहील आणि काकांच्या कष्टाचे नावही राहील.

परवा पंपावर गेलो. मुलगा नेहमीप्रमाणे म्हणाला, "झीरो नोडरी." मी शून्य पाहिले आणि विचारले, "इदराग इथेनॉल एष्टु परसेंट ऐती?" तो माझ्याच वयाचा. क्षणभर यंत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाला, "गोत्तिल्लरी."

माहीत नाही! दोष त्याचा नव्हे. जो विकतो त्याला माहीत नाही, जो घेतो त्याला माहीत नाही आणि व्यवहार मात्र रोज चोख चालला आहे. मित्रहो, पुढच्या वेळी शून्य पाहाच. पण शून्य पाहून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा. दहा जणांनी विचारला तर तो मुलगा मालकाला विचारील, आणि शंभर जणांनी विचारला तर कदाचित मालक वर कोणाला तरी विचारील.